चपलेच्या खोक्यातले अलंकार : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

१७ जून

बारावीच्या इंग्रजीची नवी बॅच सुरू. आठ जण, सगळे दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. ठाण्यात चरईतला आमचा हॉल, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा ते साडेसात.

इंग्रजीच्या पेपरात कवितेच्या रसग्रहणाला ४ गुण असतात. त्यात फिगर ऑफ स्पीच, म्हणजे अलंकार, ओळखून ती का आहे ते सांगावं लागतं. दरवर्षी मी एक झेरॉक्स वाटते. वीस अलंकार, वीस व्याख्या, वीस उदाहरणं. मुलं ती घडाघडा पाठ करतात आणि पेपरात अनोळखी ओळ आली की डोळे मिटून मेटाफर लिहितात. या वर्षी झेरॉक्स बंद. मुलांनी स्वतः कार्डं करायची. पुढे संज्ञा, मागे उदाहरण, तेही आपल्या घरातल्या किंवा रस्त्यावरच्या बोलण्यातलं. व्याख्या लिहायला मनाई.

सामान: नऊ नंबरच्या चपलेचं खोकं (मुलाचं), जाड कार्डशीट, पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या. पट्ट्या आडव्या चिकटवून खोक्याचे तीन कप्पे केले. ही कप्प्यांची युक्ती लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, आणि चुकलं की कुठेही असो, थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा क्लासच्या दर तासाला उघडायचा, दुसरा आठवड्याला, तिसरा महिन्याला. सापशिडी आहे, फक्त सगळे साप शेवटी एकाच घरात जातात.

या वहीत मुलांची नावं लिहीत नाही. जो जिथून येतो ते त्याचं नाव: कळवा, दिवा, कोपरी, ऐरोली, घणसोली, मुलुंड, उथळसर, पाचपाखाडी.

२० जून

दुसऱ्याच तासाला माझी फजिती. मी 'हायपरबोल' (अतिशयोक्ती) म्हटलं. घणसोलीने फोनवर शब्दकोश उघडला, कानाला लावला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हा हायपर्बली म्हणतोय." सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. अकरा वर्षं मी मुलांना हायपरबोल शिकवत आले आहे. ती मुलं आज कुठे कुठे हायपरबोल म्हणत असतील देव जाणे.

निर्णय: प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात उच्चार देवनागरीत. सिमिली (स्माइल नव्हे). सिनेक्डकी. युफमिझम. ऑनोमॅटोपिआ, हा तीनदा म्हणून घ्यायचा.

२४ जून

उच्चारांसाठी घेतलेली देवनागरी भलत्याच कामाला आली. अ‍ॅलिटरेशन शिकवत होते. इथे दरवर्षीची चूक ठरलेली: मुलं स्पेलिंग बघतात. सिटी आणि कॅट दोन्ही 'सी'ने सुरू होतात, म्हणजे अनुप्रास! आज म्हटलं, ओळ आधी देवनागरीत उतरवा. उतरवल्याबरोबर स वेगळा, क वेगळा दिसला. उलट नाइफ आणि नाइट: इंग्रजीत एक 'के'ने सुरू, दुसरा 'एन'ने, पण देवनागरीत दोन्हीकडे न. फोन आणि फिश तसंच. आपली लिपी आवाजाची असल्यामुळे जे इंग्रजी माध्यमाच्या मुलाला कान टवकारून शोधावं लागतं ते यांना कागदावर दिसतं. मराठी माध्यमाचा फायदा असा रोकडा हाती पडताना मी पहिल्यांदाच पाहिला.

एका ठिकाणी मात्र लिपी दगा देते. वाइन म्हणजे दारू की वेल? इंग्रजीत दोन वेगळे ध्वनी, आपल्याकडे दोन्ही व. ऐरोली म्हणाली, व्हॅनसारखं एकाला व्ह करा की. केलं.

कार्डाच्या मागच्या उदाहरणासाठी मुलुंडने आणलेलं सर्वांत उत्तम. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ३४ किलोमीटर. तिला तीन इंजिनं होती: साहिब, सिंध आणि सुलतान. ठाण्यात वाढलेल्या प्रत्येकाने ही नावं कुठे ना कुठे वाचलेली असतात. त्यातला स कुणाच्या कानाला लागला नव्हता, माझ्याही.

२७ जून

उपमा आणि रूपक यांना यायला हवं, आणि येतंच. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पाच मिनिटांत संपलं. उत्प्रेक्षेवर जरा अडलं. 'जणू' असलं की इंग्रजीत काय म्हणायचं? 'अ‍ॅज इफ' आलं की परीक्षेपुरती सिमिली म्हणा, असं सांगून पुढे गेले.

वेळ लागला तो शब्दाच्या कुळात. मेटाफर ग्रीक शब्दातून आला, अर्थ 'पलीकडे वाहून नेणे'. आजच्या ग्रीसमध्ये घरसामान हलवणाऱ्या ट्रकांवरही हाच शब्द लिहिलेला असतो. उथळसरच्या वडिलांचा टेम्पो आहे. तो खूश. मग सांगितलं की आपण ज्याला उपमेय म्हणतो त्याला इंग्रजीत टेनर आणि उपमानाला व्हेइकल म्हणतात. ही जोडी रिचर्ड्स या समीक्षकाने १९३६ मध्ये दिली. आपल्याकडे उपमेय-उपमान हजार वर्षांहून जुनं. उथळसरने मागच्या बाजूला टेम्पो काढला, त्यावर 'चंद्र' लिहिलं आणि हौद्यात 'मुख'. याहून चांगला खुलासा मला अकरा वर्षांत सुचला नाही.

१ जुलै

ऑनोमॅटोपिआसाठी, म्हणजे आवाजावरून झालेल्या शब्दांसाठी, मुलं खजिना घेऊन आली. खळखळ, सळसळ, धाडकन, टपटप, रिमझिम, कुरकुर. दोनशेच्या वर शब्द निघाले असते, मीच थांबवलं. मग पाचपाखाडीच्या कार्डावर 'लखलख' दिसला.

"लखलखचा आवाज कसा येतो?" मी विचारलं.

शांतता. मग सगळे आपापली कार्डं तपासायला लागले. चकचकीत, झगमग, गुळगुळीत, लुसलुशीत, मिट्ट. मराठीत प्रकाशाला, स्पर्शाला, काळोखालाही नादाचे कपडे घालतात. ऐकताना वाटतं आवाजच आहे, पण उजेड काही वाजत नाही. इंग्रजीतल्या या अलंकारात मूळ गोष्टीलाच आवाज लागतो. अकरा कार्डं बाद.

४ जुलै

यमक. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रात यमक म्हणजे तीच अक्षरं पुन्हा, निराळ्या अर्थाने. शाळेत मात्र ओळीच्या शेवटी जुळणारं ते यमक. राइमसाठी दुसरा अर्थ धरायचा आणि स्पेलिंगवर विश्वास टाकायचा नाही. कम आणि होम यांची शेपटी कागदावर सारखी, तोंडात वेगळी. त्याला आय राइम म्हणतात. देवनागरीत उतरवा, कळेल. पुढे.

८ जुलै

विरोधाभास या एका शब्दासाठी इंग्रजीत दोन कार्डं करावी लागली. मराठीतली संज्ञा समोर ठेवली तर मुलं दोन्हीकडे तेच लिहितात, म्हणून आज ती फळ्यावर लिहिलीच नाही.

ऑक्सिमोरॉन: दोन भांडणारे शब्द एकमेकांना खेटून. उघड गुपित. जिवंत मरण. (हा शब्द स्वतःच तसा आहे. ग्रीकमध्ये 'तीक्ष्ण' आणि 'बोथट' जोडून केलेला.) पॅराडॉक्स: आख्खं विधान, जे ऐकताना चुकीचं वाटतं आणि विचार केला की खरं निघतं.

पॅराडॉक्सचं उदाहरण कळव्याने दिलं. तिचे वडील रोज भायखळ्याला जातात. ते म्हणतात, "फास्टने उशीर होतो, स्लोने वेळेवर पोचतो." कर्जत-कसाऱ्याहून भरून आलेल्या फास्टमध्ये ठाण्याला पाय ठेवता येत नाही. दोन सोडाव्या लागतात. तेवढ्यात ठाण्याहून सुटणारी स्लो पकडली तर बसायलाही मिळतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. व्याख्येची गरजच उरली नाही.

११ जुलै

आजचा तास नऊपर्यंत चालला. खालून दोन आया बोलवायला आल्या.

युफमिझम. मी सुरुवात केली ती नेहमीच्या मरणाच्या शब्दांनी: देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले. मग कोपरी म्हणाला, "मॅडम, आमची आजी तांदूळ संपले म्हणत नाही. तांदूळ वाढले म्हणते." तिथून जे सुटलं! नारळ फोडत नाहीत, वाढवतात. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, दिव्याला निरोप देतात. घरातून निघताना 'जातो' म्हटलं की आजी अंगावर येते: "जातो काय, येतो म्हण."

दिव्याने विचारलं ते मात्र पुस्तकात नाही. युफमिझममध्ये कडू गोष्टीला गोड नाव देतात, बरोबर? पण इथे गोड नाव नाही, थेट उलटं नाव आहे. संपलं तर वाढलं, जातो तर येतो. मग ही आयरनी नाही का?

मी म्हटलं, आयरनीमध्ये बोलणाऱ्याला टोमणा मारायचा असतो किंवा ऐकणाऱ्याला उलट अर्थ कळावा असं वाटत असतं. रात्री अकराला घरी आलास आणि आई म्हणाली, "या, आज लवकर आलात!" ही आयरनी. आजीला टोमणा मारायचा नाही. तिला अशुभ शब्द तोंडातून काढायचा नाही. शब्द दोघींचे उलटेच, पोटातला हेतू वेगळा. म्हणजे नुसती ओळ बघून चालत नाही, बोलणारा कोण आणि त्याला काय साधायचंय ते बघावं लागतं. कार्डांच्या मागे 'कोण म्हणतं' असा एक रकाना वाढवला. (वाढवला म्हणजे खरोखरच.)

१५ जुलै

खोकं खिडकीपाशी राहिलं, रात्री तिरका पाऊस आत आला. जेल पेनने लिहिलेली कार्डं निळी आंघोळ करून बसली, बॉलपेनची शाबूत. चौदा पुन्हा लिहायची. यापुढे बॉलपेन, आणि खोकं फ्रिजवर.

२२ जुलै

मेटॉनिमीची मला दरवर्षी धास्ती असते. 'संबंधित वस्तूचं नाव मूळ वस्तूला' हे वाक्य मुलं तोंडपाठ म्हणतात आणि डोळ्यांत काहीच नसतं. शनिवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. संस्था १८९३ ची, इतिहासकार वि. ल. भावे तिच्या संस्थापकांतले. जुनी व्याकरणं चाळली. लक्षणेच्या (शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा घ्यायचा, त्या) प्रकरणात ठरलेलं उदाहरण भेटलं: पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली.

आज तेच फळ्यावर लिहिलं आणि खाली दुसरं, नानासाहेब पेशव्यांना पोचलेला म्हणून सांगतात तो सावकारी भाषेतला निरोप: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही.

लढाई एकच, १४ जानेवारी १७६१ ची. प्रश्न एवढाच, की दोन्ही वाक्यांत माणसं मेली हे न म्हणता सांगितलंय, मग दोन्ही एकच अलंकार का नाही?

वीस मिनिटं नुसता गोंधळ. शेवटी ऐरोलीने धागा पकडला. मोत्याचा आणि विश्वासरावांचा तसा काही संबंध नाही. ते मोत्यासारखे मोलाचे होते, म्हणून मोती म्हटलं. भाऊसाहेब दुसरा मोती, मोहरा म्हणजे सरदार, चांदी-तांबं म्हणजे शिपाई. इथे साम्य आहे, म्हणजे टेम्पो आहे, म्हणजे मेटाफर. बांगडी मात्र कुणासारखीच नाही. ती त्या घरात, त्या हातात होतीच. नवरा गेला की फुटते. साम्य नाही, शेजार आहे. म्हणजे मेटॉनिमी.

'साम्य की शेजार' हे तीन शब्द फळ्यावर चौकटीत लिहिले. चौकट परीक्षेपर्यंत पुसायची नाही.

कोपरीने हरकत घेतली: बांगडी हातातून निघतच नाही, मग ती हाताचाच भाग. भाग सांगून अख्खं सुचवलं, तर सिनेक्डकी का नको? त्याला म्हटलं, भाग बघायचा असेल तर 'खाणारी तोंडं सहा, कमावणारे हात दोन' बघ. तोंड आणि हात अंगाचे आहेत, बांगडी बाजारातून आणलेली. पटलं नसावं. त्याने कार्डावर दोन्ही लिहून मध्ये प्रश्नचिन्ह काढलं. राहू दिलं.

२५ जुलै

मेटॉनिमीची घरून आणलेली उदाहरणं. मंत्रालयाने सांगितलं. दिल्लीने ठरवलं. मग मुलुंड जरा दबकत म्हणाला, "ठाण्याला पाठवा याला." हसले सगळे. पुण्याकडचे येरवड्याला पाठवतात, मुंबईकडचे ठाण्याला. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय, आणि त्याच्या बदल्यात आख्ख्या शहराचं नाव. शेजार, साम्य नाही (असं आपण ठाणेकरांनी म्हणायचं). घणसोली हसली नाही. तिची मावशी तिथे नर्स आहे. म्हणाली, "मावशीपण घरातून निघताना ठाण्यालाच जाते म्हणते. पण तिचं ठाणे वेगळं." शब्द तोच, मेटॉनिमी तीच, फक्त 'कोण म्हणतं' या रकान्यात फरक. कार्ड तिलाच लिहायला दिलं.

तास सुटताना दिवा दारात थांबला. "मॅडम, तुम्ही आम्हाला स्टेशनने हाक मारता. 'कळव्याने कार्ड आणलं का', 'दिव्याने अभ्यास केला नाही'. ही मेटॉनिमीच की." वही माझी, पण कधीपासून मी मोठ्यानेही तसंच बोलायला लागले होते ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उथळसर, पाचपाखाडी आणि कोपरीला स्टेशन नाही, हेही त्यानेच वर ऐकवलं.

२९ जुलै

ट्रान्सफर्ड एपिथेट. शाळेतल्या मराठी अलंकारांत याला जोडीदार नाही, त्यामुळे कोरी पाटी. सोपं करून सांगितलं: विशेषण माणसाचं, चिकटवलं वस्तूला. मुलांनी दिलं: उपाशी दुपार, झोपाळू पहिली लोकल, कंटाळलेला प्लॅटफॉर्म.

लगेच प्रश्न. कंटाळलेला प्लॅटफॉर्म म्हणजे पर्सॉनिफिकेशन, चेतनगुणोक्ती का नाही? दोन्हींत निर्जीवाला माणसाचा गुण दिलाय. मी सांगितलेली चाचणी: त्या दृश्यात खरोखर कंटाळलेलं कुणी आहे का? प्लॅटफॉर्मवर माणसं उभी आहेत, कंटाळा त्यांचा, तो फरशीवर सांडला, तर ट्रान्सफर्ड. माणूस नाही आणि प्लॅटफॉर्म स्वतःच जांभई देतोय, पाय पसरतोय, तर पर्सॉनिफिकेशन. चाचणी शंभर टक्के नाही. काही ओळी दोन्हीकडे बसतात. अशा वेळी पेपरात एक निवडायची आणि कारण ठाम लिहायचं.

५ ऑगस्ट

आज अलंकार नाही, शब्दसंपत्ती. टोन कोणता या प्रश्नाला आठही जणांचं एकच उत्तर: सॅड. टोन म्हणजे कवीचा सूर, मूड म्हणजे वाचणाऱ्याच्या मनावर पसरतं ते, एवढं सांगून उलटी वाट धरली. आधी मराठीत दुःखाचे प्रकार लिहून काढा. खिन्न, उदास, हताश, व्याकूळ, कडवट, हुरहूर, विषण्ण. मराठीत सगळ्यांना छटा कळतात, अडतं ते इंग्रजीच्या दारात.

मग जोड्या. हुरहूर म्हणजे विस्टफुल, हे मला फार जवळचं वाटतं. कडवट म्हणजे बिटर, जिभेवरही तेच. विषण्णाला सॉम्बर दिला, थोडा सैल बसतो. गंमत झाली रिझाइन्डची. मुलांना रिझाइन म्हणजे राजीनामा एवढंच माहीत. कविता राजीनामा कशी देईल? मी म्हटलं, आलिया भोगासी. एका क्षणात कळलं.

अशी सव्वीस कार्डं झाली, पिवळ्या रंगाची, म्हणजे अलंकारांत मिसळणार नाहीत.

८ ऑगस्ट

अपॉस्ट्रॉफी. आधी स्वल्पविरामाच्या त्या लटकत्या चुलतभावाशी गल्लत निस्तरली. इथे अर्थ समोर नसलेल्याला किंवा निर्जीवाला हाक. पावसाला पैशाचं आमिष दाखवणारं बडबडगीत सगळ्यांना आठवलं.

उथळसर: "ठेच लागली की आपण 'आई गं' म्हणतो. आई तर घरी असते. मग?"

खरं तर बरोबर आहे. पण हाक इतकी झिजलीय की आईला ऐकू जावं असं कुणालाच वाटत नसतं. उद्गार झाला तो. कार्डाला मंजुरी दिली नाही. मग तासभर माझंच मन खात राहिलं.

१२ ऑगस्ट

चाचणी. पावसात भिजणाऱ्या बंद छत्रीवर मीच आठ ओळी जुळवल्या, म्हणजे कुठल्या गाइडमध्ये उत्तर सापडायला नको. मेटाफर म्हणून ठोकून देणारा यंदा एकच. बाकीच्यांनी कारणं लिहिली, इंग्रजी मोडकं पण मुद्दा जागेवर. दोघांना नवीनच दात आलेत, त्यांना जिथेतिथे ट्रान्सफर्ड एपिथेट दिसतोय. पाचपाखाडीची चारही उत्तरं बरोबर आणि चारही स्पेलिंगं चूक. स्पेलिंगसाठी खोक्यात चौथा कप्पा लागणार असं दिसतंय, पण नऊ नंबरात तो मावत नाही.

१९ ऑगस्ट

क्लास नाही. कालपासून पाऊस, गाड्यांचे हाल, कुणी यायची सोयच नाही. आयरनीचं कार्ड अजून कोरंच आहे. टोमणा सगळ्यांना कळतो, प्रसंगातली आयरनी कळत नाही. कुठलाही योगायोग दिसला की आयरनी म्हणतात.

दुपारी दिव्याचा मेसेज: "मॅडम, सोसायटीच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं म्हणून पंप बंद केलाय. खाली गुडघाभर पाणी आणि वर नळाला थेंब नाही. आई बादल्या घेऊन गॅलरीत उभी आहे. ही आयरनी ना?"

मी लिहिलं: "आहे. पण पॅराडॉक्स का नाही, तेही सांग."

चाळीस मिनिटांनी उत्तर आलं: "आधी अंघोळ होऊ दे."